गोणी शिवण्याआधी: परदेशी कच्ची कॉफी आणू पाहणाऱ्या कोकणातल्या रोस्टर मंडळींना खुले पत्र

प्रति,
अलिबाग, मुरुड, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, जिथे जिथे कुणी स्वतःचा रोस्टर (कॉफी भाजण्याचं यंत्र) लावला आहे त्या सर्वांस

विषय: कच्ची कॉफी आयात करण्याचे कागद आणि त्यांचा क्रम

सप्रेम नमस्कार.

न्हावा शेव्याला आयातमालाच्या कागदपत्रांचं काम करणारी आम्ही मंडळी. तुमच्याकडून येणारा प्रश्न साधारण ठरलेला असतो: इथिओपियाचा किंवा केनियाचा विक्रेता सापडला, नमुना आवडला, दहा गोण्यांचे पैसे पाठवतो, पुढचं तुम्ही बघाल ना? बघू, पण पुढचं फारसं उरलेलं नसतं. कच्च्या कॉफीच्या आयातीतले जे कागद खरोखर माल सोडवतात ते सगळे मूळ देशात, गोणीचं तोंड शिवण्याच्या सुमारास तयार होतात. उरणला आल्यावर ते एकमेकांशी आणि मालाशी जुळतात की नाही एवढंच तपासलं जातं. जहाजावर चढलेल्या मालाचा चुकीचा कागद इथे कुणी दुरुस्त करू शकत नाही. ब्रोकर नाही आणि अधिकारीही नाही.

भाजलेली कॉफी आणणं तुलनेने सोपं, कारण भाजल्यावर कीडही मरते आणि बी रुजण्याचा प्रश्नही मिटतो. कच्चा दाणा मात्र कायद्याच्या नजरेत आधी वनस्पती, मग अन्न. त्यामुळे त्याला दोन दारांतून जावं लागतं: वनस्पती संगरोध, ज्याला बंदरावर सगळे ‘पीक्यू’ म्हणतात, आणि एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण. दोघांची मोहर लागल्यावर कस्टम्सचं ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडण्याचा हुकूम.

हा काच कशासाठी, हे आपल्याकडे आंबा-बागायतदाराला सांगावं लागत नाही. २०१४च्या मे महिन्यात युरोपियन युनियनने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा थांबवला. बंदी उठली ती २०१५च्या जानेवारीत, म्हणजे एक अख्खा हंगाम गेल्यावर. कॉफीत आपण पलीकडच्या बाजूला आहोत, एवढाच फरक. कॉफी पिकवणारा देश परदेशी कच्च्या दाण्याला घाबरतोच. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर कच्ची कॉफी सहज उतरते, पण हवाई आणि प्यूर्टो रिको या कॉफी पिकवणाऱ्या बेटांवर तिच्या सर्वसाधारण आयातीला मनाई आहे. एवढं करूनही हवाईत २०१०मध्ये फळ पोखरणारा बोरर आणि २०२०मध्ये तांबेरा पोहोचलाच. आपल्याकडे हाच बोरर १९९०मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला सापडला आणि आज तो कर्नाटकातल्या मळेवाल्यांचं कायमचं दुखणं आहे. आफ्रिकेतला फळसड रोग अजून आफ्रिकेतच आहे, आणि तुम्हाला हवी असलेली कॉफी नेमकी तिथलीच असते. तेव्हा पीक्यूवाले दाणे चाळतात म्हणून चरफडू नका.

आता क्रम.

पहिला प्रश्न चवीचा नाही, देशाचा. ‘वनस्पती संगरोध (भारतात आयातीचे नियमन) आदेश, २००३’ याच्या परिशिष्टांत वस्तू, देश आणि प्रयोजन अशा ओळी आहेत. परिशिष्ट ४ मनाईचं, ५ निर्बंधाचं, ६ जादा घोषणा आणि खास अटींचं, ७ खाण्यासाठी वा प्रक्रियेसाठी येणाऱ्या इतर मालाचं. या आदेशात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. तुमच्या देशाचं नाव कच्च्या बीन्सच्या ओळीत आहे का, आणि ते ‘खाण्यासाठी’ या प्रयोजनाखाली आहे का, दोन्ही पाहा. देश यादीत नसेल तर त्या देशातल्या किडींच्या धोक्याचं विश्लेषण आधी व्हावं लागतं. ते दोन सरकारांमधलं काम आहे. दहा गोण्यांसाठी त्याची वाट बघत बसू नका, दुसरा देश निवडा.

‘पेरणीसाठी’ आणि ‘खाण्यासाठी’ हे दोन वेगळे रस्ते आहेत. खाण्यासाठीच्या परमिटाचा अर्ज एका नमुन्यात, पेरणीचा वेगळ्या. पार्चमेंट कॉफी, म्हणजे वरचं कागदी टरफल न काढलेला दाणा, काही विक्रेते ‘जास्त टिकते’ म्हणून देऊ करतात. टिकते खरी, पण तेच रोपवाटिकेतलं बियाणं असतं. शिवाय एफएसएसएआयच्या व्याख्येत कच्ची कॉफी म्हणजे टरफल काढलेला सुका दाणा. म्हणून करारात ‘हल्ड ग्रीन’ असं स्पष्ट लिहून घ्या. वाळवलेल्या सालीचा म्हणजे कास्काराचा विषय निराळा आहे, तो या खेपेत घुसडू नका.

परमिट पीक्यूच्या ऑनलाइन पोर्टलवरून निघतं. ते माल चढण्याआधी हातात हवं, माल येईपर्यंत त्याची मुदत जिवंत हवी, आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यात उतरण्याचं बंदर लिहिता ते आदेशात अधिसूचित असलेलंच हवं. अर्जात वनस्पतीचं शास्त्रीय नाव नीट द्या, कॉफिया अरेबिका की कॉफिया कॅनेफोरा (म्हणजे रोबस्टा). नुसतं ‘कॉफी बीन्स’ लिहिलेलं परमिट आणि अरेबिका लिहिलेला फायटो (मूळ देशाने दिलेलं कीडमुक्तीचं प्रमाणपत्र), अशी जोडी टेबलावर गेली की प्रश्न सुरू होतात.

परमिट हातात आलं की त्यावरच्या अटी शब्दशः, नक्कल करून विक्रेत्याला पाठवा. तिकडची सरकारी वनस्पती-संरक्षण यंत्रणा फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट देते. त्यात ‘अमुक किडीपासून मुक्त’ अशी जादा घोषणा परमिटावर जशी छापली आहे तशीच उतरली पाहिजे. ‘सर्व हानिकारक किडींपासून मुक्त’ असं गोड वाक्य चालत नाही. मसुदा आधी मागवा. पक्की सही झालेला फायटो बदलणं म्हणजे तिकडच्या कार्यालयात नव्याने रांग, आणि बीएलच्या (जहाज कंपनीच्या माल चढवल्याच्या पावतीच्या) तारखेनंतरचा फायटो म्हणजे इकडे नवी डोकेदुखी.

मसुदा वाचताना चष्मा लावून बघण्याच्या जागा या: आयातदाराचं नाव आणि पत्ता आयईसीवर (आयात-निर्यातीच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर) आहे तसाच, गोण्यांची संख्या आणि निव्वळ वजन पॅकिंग लिस्टशी एक किलोचाही फरक न पडता, मूळ देश, शास्त्रीय नाव, आणि उपचाराचा रकाना, म्हणजे औषध, मात्रा, अवधी, तापमान, तारीख. यातली सर्वांत घातक जागा शेवटची, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

परमिटावर धुरी मागितली असेल तर ती बहुधा मिथाइल ब्रोमाइडची असते. या वायूसाठी नेहमी दिसणारं माप म्हणजे दर घनमीटरला ३२ ग्रॅम, २४ तास, २१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला. तुमच्या परमिटावर जे असेल ते अंतिम. ‘२१ अंश’ हा शब्द वाचून आपण पुढे जातो, कारण उरणला एकवीस अंश म्हणजे थंडीची लाट. पण अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे, रात्री तिथे पारा दहा-बारावर येतो. चोवीस तासांच्या धुरीत एक रात्र असतेच. प्रमाणपत्रावर १८ अंश आणि मात्रा मात्र ३२ ग्रॅमच दिसली, की इथला अधिकारी धुरी अपुरी धरतो, आणि ते बरोबरच आहे. थंडीत किडीचा श्वास मंदावतो, वायू कमी आत जातो, म्हणून मात्रा वाढवावी लागते. विक्रेत्याला आधीच विचारा: धुरी कुठे देणार, डोंगरावर की खाली बंदराजवळ, आणि थंडीसाठी मात्रा किती वाढवणार?

दुसरा सापळा युरोपातल्या गोदामांचा. हँबुर्ग किंवा अँटवर्पच्या व्यापाऱ्याकडे पाच-दहा गोण्या सुट्या मिळतात, म्हणून छोट्या रोस्टरला तो सोयीचा वाटतो. पण युरोपियन युनियनमध्ये २०१०च्या मार्चपासून मिथाइल ब्रोमाइड वापरायलाच बंदी आहे, संगरोधासाठीसुद्धा. परमिटावर ब्रोमाइड असेल तर तो माल तिथे अट पूर्ण करूच शकत नाही. दुबईच्या गोदामातल्या मालाला ही अडचण नाही, तिथे दुसरी आहे. दुबईत कॉफी पिकत नाही, त्यामुळे तिथून निघतो तो पुनर्निर्यातीचा फायटो, आणि सोबत मूळ देशाच्या फायटोची प्रत लागते. गोदामात चार देशांचे लॉट असतात. तुमच्या गोण्यांचा मूळ फायटो त्याच लॉटचा आहे याची खातरजमा पैसे देण्याआधी करा.

तिसरा सापळा आपण हौसेने ओढवून घेतो. चांगली कॉफी आता तागाच्या गोणीत, पण आतून ग्रेनप्रोसारख्या हवाबंद प्लास्टिक पिशवीत येते. ती पिशवी बाष्प अडवते, ऑक्सिजन अडवते. मग ब्रोमाइड तरी का सोडेल? तोंड बांधलेल्या पिशवीला धुरी देणं म्हणजे छत्रीवर पाणी मारून माणसाला अंघोळ घालणं. धुरी आधी, वायुवीजन मग, आणि सीलबंदी सर्वांत शेवटी, हा क्रम विक्रेत्याकडून लेखी घ्या. नाहीतर इकडच्या तपासणीत एक जिवंत भुंगेरा निघाला की माल पुन्हा धुरीला जातो, तीही मान्यताप्राप्त संस्थेकडून आणि तुमच्या खर्चाने, आणि त्यासाठी प्रत्येक पिशवीचं तोंड उघडावं लागतं. ज्या पिशवीसाठी तुम्ही जादा पैसे मोजले ती मग नुसती पिशवी राहते.

लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम १५चा शिक्का हवा: गव्हाच्या कणसाचं चिन्ह, देशाचा कोड, उत्पादकाचा क्रमांक आणि एचटी किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइड). एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. दहा गोण्यांना पॅलेट लागतेच असं नाही. प्लास्टिकची मागा, प्रश्न मिटतो.

आता अन्नाचं दार. भाजण्यासाठी घेतलेलं तुमचं नोंदणीपत्र किंवा राज्य परवाना आयातीला चालत नाही. आयातदाराला एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो, शुल्क वर्षाला ७,५०० रुपये, आणि तो आयईसीवर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर. मुंबईत भावाच्या फ्लॅटवर आयईसी आणि सावंतवाडीत परवाना, असं केलं की पोर्टलच अडवतं. आयईसी डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) ५०० रुपयांत मिळतो, पण दर वर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी ‘बदल नाही’ हे सांगावंच लागतं. विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो, आणि ते कळतं माल समुद्रात असताना. बँकेचा एडी कोडही (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक) बंदरासाठी आधी नोंदवून घ्या.

एफएसएसएआयचं बंदरावरचं काम कागद तपासणं, माल डोळ्यांनी पाहणं आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवणं असं चालतं. नमुन्याचे दोन भाग करतात. नापास झालात तर दुसरा भाग वरच्या प्रयोगशाळेसाठी असतो. कॉफीचा दाणा रासायनिक तपासणीत नापास होण्यापेक्षा गोणीवरच्या मजकुरात अडकण्याचा धोका मोठा. परदेशी निर्यातदार गोणीवर छाप मारतो: देश, विभाग, ग्रेड, लॉट नंबर, पिकाचं वर्ष. त्याच्या व्यापारात एवढं पुरतं. भारतात पॅकिंगची तारीख आणि ‘बेस्ट बिफोर’ किंवा मुदत लागते. नियम असा की काही गोष्टी इथे स्टिकर लावून पुऱ्या करता येतात, जसं आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका. लॉट नंबर, तारखा, पदार्थाचं नाव मात्र मूळ देशातूनच यायला हवं. ‘२०२४/२५’ ही पॅकिंगची तारीख नव्हे. गोणी किरकोळ विक्रीची नाही हेही तिच्यावर लिहिलेलं असू द्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे इनव्हॉइसच्या मसुद्यासोबत गोणीच्या छापाचं चित्रच करून पाठवणं आणि छापून झाल्यावर फोटो मागवणं. गोणी भरून शिवल्यावर ताग छापायला कुणी तयार होत नसतं.

मुदतीचा नियमही लक्षात ठेवा. क्लिअरन्सच्या वेळी एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक हवं. विक्रेत्याला ‘बेस्ट बिफोर’ टाकायला सांगितलं की तो उत्साहाने सहा महिने टाकतो. धुरी, वाहतूक आणि क्लिअरन्स यांत तीनेक महिने गेले की तुम्ही अगदी कडेवर आलात.

पैशांचा हिशेब. कच्च्या कॉफीचं शीर्षक ०९०१ ११, कॅफिन काढलेली असेल तर ०९०१ १२. मूळ सीमाशुल्क १०० टक्के. अधिभार त्या दिवशीच्या अधिसूचनेप्रमाणे. न भाजलेल्या दाण्यावर जीएसटी नाही, भाजलेल्यावर ५ टक्के. म्हणजे आयातीला भरलेले पैसे तुम्हाला क्रेडिटमध्ये कुठेच परत मिळत नाहीत, ते सरळ कॉफीच्या किमतीत जातात. मोठे इन्स्टंट कॉफीवाले हीच कॉफी निर्यातीच्या बोलीवर शुल्काशिवाय आणतात. त्यांचा दर ऐकून आपलं गणित करू नका.

शुल्क लागतं ते विक्रेत्याच्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा धरून. समजा एफओबी, म्हणजे तिकडे जहाजावर चढवेपर्यंतची मालाची किंमत, ३,००,००० रुपये. जहाजभाड्याचा पुरावा दिला नाहीत तर कस्टम्स एफओबीच्या २० टक्के, म्हणजे ६०,००० भाडं धरतं, आणि विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ३,३७५. मूल्य झालं ३,६३,३७५ आणि मूळ शुल्क तेवढंच. खरं भाडं २५,००० असतं आणि त्याची पावती लावली असती, तर शुल्क ३,२८,३७५ झालं असतं. एका पावतीचे ३५,००० रुपये. ती फाइलला लावायला विसरणारे लोक वर आमच्या फीवर घासाघीस करतात, ते असो.

आसियान देशांच्या, म्हणजे व्हिएतनाम, इंडोनेशिया, लाओस, थायलंड यांच्या कॉफीला करारानुसार ४५ टक्के दर आहे. त्यासाठी मूळ उत्पत्तीचं आसियान-भारत प्रमाणपत्र लागतं, आणि २०२० साली आलेल्या ‘कॅरोटार’ नियमांप्रमाणे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. तो माल तिथेच पिकला हे दाखवणारी माहिती आयातदाराकडे हवी आणि ती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. शेताचा विभाग, प्रक्रिया केंद्र, लॉटचे कागद हे विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळीच घ्या, दोन वर्षांनी पत्र आल्यावर तो ओळखही देणार नाही. आणि सिंगापूरच्या व्यापाऱ्याने विकलेली इथिओपियाची कॉफी आसियानची होत नाही. बिल सिंगापूरचं असलं तरी दाणा आफ्रिकेचाच.

जहाज येण्याच्या आदला दिवस संपेपर्यंत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडचं आयातीचं घोषणापत्र, दाखल झालंच पाहिजे. ते ३० दिवस आधीही भरता येतं. चुकलं तर पहिले तीन दिवस रोजचे ५,०००, त्यानंतर रोजचे १०,००० रुपये. दहा गोण्यांच्या मालावर हा दंड कसा बसतो याचा हिशेब तुम्हीच करा. दुबईहून येणारं जहाज चार-पाच दिवसांत दारात असतं, कागद मात्र कुरिअरने त्याच्या मागून येतात. म्हणून स्कॅन प्रती चढवण्याच्या दिवशीच मागवा. कागद कस्टम्सच्या ई-संचित या पोर्टलवर चढतात, बिल ऑफ एन्ट्री सिंगल विंडो या एकाच ऑनलाइन खिडकीतून पीक्यू आणि एफएसएसएआय दोघांकडे जातं. तपासणीच्या तारखा दोघांच्या वेगवेगळ्या पडू देऊ नका, एकाच दिवशी माल उघडला जाईल असं बघा. प्रत्येक उघडण्याला मजुरी आहे, आणि पावसात तर प्रत्येक उघडणं म्हणजे गोणीला ओल.

पावसावर मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण हे न्हावा शेवा आहे, हँबुर्ग नव्हे.

कच्च्या कॉफीत ओलावा ८ ते १२.५ टक्क्यांच्या दरम्यान असावा असं आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचं माप आहे. चांगली धुतलेली कॉफी १० ते ११.५ वर निघते. दाणा हवेतली ओल पितो आणि सोडतो. जुलैत उरणच्या शेडमध्ये हवेची आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते आणि ताग काही अडवत नाही. खालच्या किनाऱ्यावर मंगळूरच्या बाजूला हेच जाणूनबुजून करतात: जून ते सप्टेंबर दाणे उघड्या गोदामात पसरून मोसमी वाऱ्यात फुगवायचे, पिवळट करायचे. त्याला मॉन्सून्ड मलबार म्हणतात आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तो दाणा शेवटी १३ ते १४.५ टक्के ओलाव्यावर विकला जातो आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. तुम्ही मात्र फुलांचा वास येणाऱ्या इथिओपियाच्या यिर्गाचेफेचे पैसे दिलेले असतात. त्याचा महिनाभरात फुकटचा मलबार झाला तर तक्रार कुणाकडे करणार? बुरशी आली तर तिच्या ऑक्राटॉक्सिन या विषाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो नुसता चवीचा नाही.

कंटेनरच्या आतही पाऊस पडतो. दिवसा तापलेलं छत रात्री गार होतं, आतलं बाष्प छताला लागून थेंब होतं आणि वरच्या थरावर टपकतं. सोडवल्यावर वरच्याच गोण्यांवर डाग दिसले तर हेच झालं समजा. आतून क्राफ्ट कागदाचं अस्तर, बाष्प शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या आणि वरच्या थरावर पुठ्ठा, हे करारात लिहून घ्या. आपल्याकडे आल्यावर गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. सुकट-बोंबील, मसाला, काजूची टरफलं, डिझेल यांतलं काहीही त्या खोलीत नको. कच्चा दाणा वास धरतो आणि भाजल्यावर तो वास उलट मोठ्याने बोलतो.

थोडक्याच गोण्या आणणाऱ्यांची खरी अडचण अशी की परमिट, फायटो, धुरी, बिल ऑफ एन्ट्री, प्रयोगशाळा यांचा खर्च एका गोणीला जवळपास तेवढाच जेवढा चाळीस गोण्यांना. वीस फुटी कंटेनरमध्ये ६० किलोच्या साधारण ३२० गोण्या बसतात, १९.२ टन. तेवढं कोकणात कुणा एकाला नको. राहतो तो एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासोबत अर्ध्यामुर्ध्या जागेत. शेजारी काय बसणार हे तुमच्या हातात नाही. रबर असू शकतं, मसाल्याचा अर्क असू शकतो. एलसीएल असेल तर हवाबंद पिशवी हवीच, आणि धुरीचा क्रम वर सांगितला तसा.

आमचा सल्ला असा की सहा-सात जणांनी मिळून एकाच्या नावावर आणा. आयईसी, केंद्रीय परवाना, परमिट, फायटो, बीएल सगळं त्या एकाच नावाने. माल सुटल्यावर त्याने बाकीच्यांना साध्या बिलाने विकायचा. ‘हाय सी सेल’ करून, म्हणजे माल जहाजावर असतानाच दुसऱ्याला विकून, समुद्रातच वाटून घेण्याची युक्ती इथे उलटते. बिल ऑफ एन्ट्री नव्या खरेदीदाराच्या नावाने होतं आणि हस्तांतर न होणारं परमिट जुन्याच्याच नावाने राहतं. आणि पाच गोण्यांहून कमी लागणार असतील तर स्पष्टच सांगतो, आणू नका. मुंबई-बंगळुरात आयात करून सुट्या गोण्या विकणारे आहेत त्यांच्याकडून घ्या. चिकमगळूर-कोडगूचा चांगला दाणा तर एका रात्रीच्या ट्रकवर आहे, त्याला यांतला एकही कागद लागत नाही.

नमुन्यांबद्दल. ‘तीनशे ग्रॅम तर आहे, कुरिअरने येईल’ हे खरं नाही. वजन कमी म्हणून दाणा वनस्पती राहत नाही असं नसतं. कुरिअर टर्मिनलवर ती पुडी विनापरमिट, विनाफायटो पकडली जाते आणि नष्ट होते. चव घ्यायची असेल तर विक्रेत्याला नमुना तिकडेच भाजून पाठवायला सांगा.

आलेल्या गोणीतले चार दाणे परसात सुपारीच्या सावलीत रुजवून बघण्याचा मोह कुणाला झाला तर तो आवरा. परमिट खाण्यासाठीचं आहे, पेरणं हा त्याचा भंग आहे. पेरणीच्या बियाण्याची वाट बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेसारख्या संस्थांमार्फत जाते, आणि ती अशी लांब का ठेवली आहे हे १८६९मध्ये तांबेरा लागल्यावर सिलोनच्या कॉफीचं काय झालं ते पाहिलं की कळतं. आज तिथे चहा आहे.

राहिला मुहूर्त. इथिओपियात तोडणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते. सुकवणी, टरफल काढणं, ग्रेडिंग होऊन नवा माल जिबूतीच्या वाटेला लागायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. जो माल मेअखेर निघतो तो नेमका मृगात उरणला येतो. आपल्याकडे सगळी खरेदी आगोटीच्या आत उरकायची रीत आहे, कॉफीलाही तीच लावा. ३१ मार्चपर्यंत चढला नाही तर यंदा नको, असं करारात लिहा, किंवा मग सरळ ऑक्टोबरात उतरेल असा हवाबंद माल घ्या. ब्राझीलची तोडणी मे ते सप्टेंबर, त्यामुळे तिचा नवा माल आपल्या कोरड्या महिन्यांत येतो. पहिल्यांदाच आणणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात केली तर निम्मी काळजी कमी.

मार्चचं जहाज गाठायचं तर परमिटाचा अर्ज डिसेंबरात गेला पाहिजे, फायटोचा आणि गोणीच्या छापाचा मसुदा जानेवारीअखेर आमच्यापर्यंत आला पाहिजे. इनव्हॉइस आला नसला तरी चालेल.

आपले,
न्हावा शेव्याला आयातीचे कागद करणारी काही मंडळी
उरण, जि. रायगड